भणंगाचे दिवस: मूक विनोदपट आणि मंदी

मूक विनोदपटाचा नायक बहुतेक वेळा कफल्लक असतो. भाडे थकलेल्या खोलीतून त्याला घरमालकिणीचा डोळा चुकवून निसटायचे असते, खाणावळीत बसल्यावर खिशातली नाणी पुरतील की नाही ही धास्ती असते, आणि कोपऱ्यावरच्या पोलिसाला आपण रिकामटेकडे नाही हे पटवायचे असते. 1912 ते 1936 या सुमारे पाव शतकात अमेरिकेत निघालेल्या असंख्य विनोदपटांचा कच्चा माल भूक, भाडे, नोकरी आणि पोलीस हाच होता. 1929 नंतरच्या महामंदीत या चित्रपटांनी लोकांना धीर दिला, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे, पण गोष्ट इतकी सरळ नाही. शेअर बाजार कोसळला तेव्हा अमेरिकेतला मूकपट अखेरच्या घटका मोजत होता. मंदीच्या प्रेक्षकाला जो भणंग आपला वाटला, तो या मंदीत जन्मलेला नव्हता. तो तिच्या आधीच्या मंद्यांतून आणि त्याहून अधिक लंडनच्या एका गरीब वस्तीतून आलेला होता.

कामाच्या शोधात गावोगाव भटकणारा बेकार, म्हणजे ‘ट्रॅम्प’, अमेरिकेत मोठ्या संख्येने दिसू लागला तो 1873 च्या आर्थिक कोसळणीनंतर. मालगाड्यांत चोरून चढणारे, कोठारांत झोपणारे हे लोक समाजाला धोका वाटू लागले, आणि 1876 मध्ये न्यू जर्सी राज्याने त्यांच्याविरुद्ध खास कायदा केला. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. 1893 मध्ये पुन्हा बँका बुडाल्या. पुढच्या वर्षी ओहायोमधला जेकब कॉक्सी नावाचा व्यावसायिक बेकारांचा मोर्चा घेऊन पायी वॉशिंग्टनला गेला. सरकारने रस्ते बांधायला काढावेत आणि त्यावर बेकारांना काम द्यावे, ही त्याची मागणी होती. संसद भवनाच्या हिरवळीवर पाय ठेवल्याबद्दल त्याला अटक झाली. हा प्रसंग एखाद्या विनोदपटात सहज खपून गेला असता.

रंगमंचावर आणि वर्तमानपत्रांत मात्र हा भटक्या तोवर हसण्याचा विषय झाला होता. 1900 मध्ये फ्रेडरिक ऑपर यांनी ‘हॅपी हूलिगन’ ही चित्रमालिका सुरू केली. तिचा नायक डोक्यावर टोपीऐवजी पत्र्याचा डबा घालून फिरे आणि नको त्या वेळी पोलिसांच्या तावडीत सापडे. डब्ल्यू. सी. फील्ड्ससारखे नट भणंगाच्या वेषात वस्तू हवेत उडवून झेलण्याचे प्रयोग करीत. या साऱ्या विनोदात भणंगाला लोक हसत, त्याच्या बाजूने कोणी हसत नसे. मूकपटाने बदलली ती ही बाजू.

याला प्रेक्षकही कारण होता. 1905 मध्ये पिट्सबर्ग शहरात पाच सेंटच्या नाण्यात चित्रपट दाखवणारे ‘निकलओडियन’ सुरू झाले आणि तीन-चार वर्षांत अशी हजारो छोटी चित्रगृहे कामगारवस्त्यांतून उभी राहिली. तिथे येणारा प्रेक्षक इटली, पोलंड, रशिया, आयर्लंडमधून नुकताच आलेला असे. त्यातल्या अनेकांना इंग्रजी धड येत नसे. नाटकाचे तिकीट त्यांना परवडत नव्हते आणि परवडले असते तरी संवाद कळले नसते. पडद्यावरच्या हालचालीला भाषा लागत नव्हती. मधल्या पाट्यांवरचा मजकूर शेजारी बसलेले शाळकरी पोर वाचून दाखवी. या प्रेक्षकाच्या लेखी पोलीस, कारखान्याचा मुकादम आणि घरमालक ही रोजची माणसे होती, आणि ती धपकन पडलेली पाहायला त्याची ना नसे.

चार्ली चॅप्लिनचा जन्म 1889 चा, लंडनचा. आई हॅना आणि वडील चार्ल्स दोघेही संगीत-नाट्यगृहांत गाणारे. वडील दारूपायी वेगळे झाले, आईचा आवाज गेला आणि काम सुटले. 1896 मध्ये ती आपल्या दोन मुलांना घेऊन लॅम्बेथच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे दरिद्री लोकांना ठेवण्याच्या सरकारी जागेत दाखल झाली. तिथून मुलांना हॅनवेलच्या निराधार मुलांच्या शाळेत पाठवण्यात आले. पुढे आईचे मन ढळले आणि तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवावे लागले. 1901 मध्ये वडील वारले तेव्हा चार्ली बारा वर्षांचा होता. फ्रेड कार्नोच्या मूकनाट्य मंडळीबरोबर तो अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि 1913 च्या अखेरीस मॅक सेनेट यांच्या कीस्टोन कंपनीत रुजू झाला.

कीस्टोनचा विनोद धसमुसळा होता: पाठलाग, लाथा, विटा, एकमेकांवर आदळणाऱ्या मोटारी आणि एकाच गाडीत कोंबलेले पोलीस. 1914 च्या फेब्रुवारीत चॅप्लिन ढगळ विजार, आखूड कोट, वाटोळी टोपी, वेताची छडी आणि पायांना न बसणारे बूट घालून प्रथम पडद्यावर आला. सुरुवातीचा हा भणंग फारसा सज्जन नव्हता. तो चोरी करी, दारू पिई, कोणालाही लाथ घाली. पण त्याच्या कपड्यांत एक विसंगती आधीपासून होती. ते कपडे गरिबाचे होते आणि रुबाब सभ्य गृहस्थाचा होता. टोपी उचलून अभिवादन करायची, हात झटकून मगच खायला बसायचे, सिगारेटचे थोटूक उचलले तरी ते डबीतून काढल्यासारखे ओढायचे. पुढच्या वीस-बावीस वर्षांत चॅप्लिनने जे काही उभे केले, त्याचा पाया या विसंगतीत आहे.

1917 चा ‘द इमिग्रंट’ वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. स्थलांतरितांनी भरलेले जहाज न्यूयॉर्कच्या बंदरात शिरते, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसतो, सगळे भारावून पाहतात, आणि त्याच क्षणी अधिकारी दोर लावून त्यांना गुरांसारखे एका बाजूला दाबतात. या जागी भाषणाची गरज पडत नाही. दुसऱ्या भागात चार्लीला रस्त्यावर एक नाणे सापडते. ते तो खिशात टाकतो आणि खाणावळीत शिरतो, पण खिसा फाटका असतो. शेजारच्या गिऱ्हाइकाला बिलात दहा सेंट कमी पडले म्हणून वेटर मिळून त्याला बदडतात, हे चार्ली पाहतो आणि त्याच्या लक्षात येते की आपल्याजवळ एक छदामही नाही. आता समोर बसलेल्या मुलीचे जेवणही त्याच्या बिलावर चढलेले आहे. पुढची दहा मिनिटे एका नाण्याभोवती फिरतात. ते नाणे दुसऱ्याला सापडते, वेटरच्या खिशातून गळते, चार्लीच्या बुटाखाली येते आणि शेवटी खोटे निघते. शेवटी भेटलेला एक चित्रकार बिल देऊ पाहतो, तर चार्ली भिडेखातर ‘नको, नको’ म्हणतो. तो समोरच्याने आग्रह थांबवेपर्यंत म्हणत राहतो. गरिबाचा मानीपणा इतक्या नेमकेपणाने आणि इतक्या थोडक्यात क्वचितच दाखवला गेला असेल.

पुढच्या वर्षीच्या ‘अ डॉग्ज लाइफ’मध्ये रोजगार कचेरीचा प्रसंग आहे. बाकावर बेकार बसलेले, समोर खिडक्या. खिडकी उघडली की सगळे धावतात आणि चार्लीच्या आधी कोणीतरी पोचतो. तो दुसऱ्या खिडकीकडे वळतो, तिथेही तेच. शेवटी कचेरी रिकामी होते आणि खिडक्या बंद होतात. लगेच पुढे रस्त्यावर कुत्र्यांची झुंड एका दुबळ्या कुत्र्याच्या तोंडचा घास हिसकावताना दिसते आणि चार्ली त्याला सोडवतो. दोन्ही प्रसंगांची ठेवण एकच आहे हे प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. चित्रपट निघाला तेव्हा युद्ध चालू होते आणि अमेरिकेत काम मुबलक होते, तरी तो प्रसंग जुना वाटला नाही. 1921 च्या ‘द किड’मधली माळ्यावरची खोली चॅप्लिनने बालपणी राहिलेल्या खोल्यांच्या आठवणीवरून उभी केली. पोराने काचा फोडायच्या आणि बापाने काचवाला बनून त्या बसवायच्या, हा तिथला घरगुती धंदा. अनाथालयाचे अधिकारी पोराला न्यायला येतात तो प्रसंग पाहताना हॅनवेल आठवावेच लागते.

या चित्रपटांतली आशा नेमकी कशात आहे, हे 1925 च्या ‘द गोल्ड रश’मधल्या एका जेवणावरून समजते. बर्फात अडकलेला चार्ली आपला बूट उकडून ताटात वाढतो. तळवा कापतो, खिळे हाडे चोखल्यासारखे चोखतो, नाडी काट्याभोवती शेवयांसारखी गुंडाळतो. (चित्रीकरणासाठी तो बूट ज्येष्ठमधाच्या गोडीचा बनवला होता, आणि तो पुन्हा पुन्हा खावा लागल्याने नटांच्या पोटाचे हाल झाले.) भूक येथे कमी झालेली नाही. बूट बूटच राहतो. पण तो खाणारा माणूस जनावर झालेला नाही, ताटावर बसताना तो आपले शिष्टाचार सोडत नाही. परिस्थिती सुधारेल असे चित्रपट सांगत नाही. परिस्थितीने माणसाला पुरते खाल्लेले नाही, एवढेच तो दाखवतो.

बस्टर कीटनची रीत वेगळी होती. तो लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर आपटला जाऊन वाढलेला. पडद्यावर तो हसत नाही, रडत नाही आणि प्रेक्षकाची सहानुभूती मागत नाही. युद्धोत्तर मंदीच्या काळात, 1921 मध्ये आलेल्या ‘द गोट’ची सुरुवात फुकट पाव वाटणाऱ्या रांगेने होते. कीटन रांगेत उभा राहतो, पण त्याच्या पुढचे दोघे शिंप्याच्या दुकानाबाहेरचे पुतळे असतात. रांग सरकते, हे दोघे सरकत नाहीत, आणि तो संयमाने त्यांच्या मागे उभा राहतो. 1920 च्या ‘वन वीक’मध्ये नवविवाहित जोडपे पेटीतून आलेले सुटे भाग जोडून घर बांधते. भागांवरचे क्रमांक कोणीतरी बदललेले असल्याने घर वाकडे होते, वादळात गरगर फिरते आणि शेवटी आगगाडी त्याचा चुराडा करते. कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ ही पाटी लावतो, सोबत जोडणीचा कागद ठेवतो आणि बायकोचा हात धरून चालू लागतो. चॅप्लिनच्या तुलनेत कीटन थंड वाटतो अशी तक्रार त्या काळी होती. ती फारशी बरोबर नाही. त्याच्या जगात आपत्तीला कोणाबद्दल आकस नसतो, तिचा माग काढत हिशेबाने चालले की माणूस वाचतो. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची अख्खी भिंत अंगावर कोसळते आणि खिडकीच्या पोकळीत नेमका उभा असल्याने तो वाचतो.

हॅरॉल्ड लॉइड या तिघांत सर्वांत आशावादी होता, आणि मंदीत सर्वांत आधी जुना वाटू लागला तोही तोच. गोल चष्मा, गवती टोपी, नीटनेटका सूट घातलेला हा तरुण 1920 च्या दशकातल्या अमेरिकेचे चित्र होता. ‘सेफ्टी लास्ट’ (1923) मध्ये तो कापडाच्या मोठ्या दुकानात आठवड्याला पंधरा डॉलरवर काम करतो, भाडे चुकवण्यासाठी खुंटीवरच्या ओव्हरकोटात लपतो आणि गावाकडच्या प्रेयसीला आपण मोठे साहेब झाल्याचे कळवतो. गर्दी खेचून दाखवणाऱ्याला हजार डॉलर मिळणार असतात म्हणून तो इमारतीच्या बाहेरून एकेक मजला चढतो. वर घड्याळाच्या काट्याला लटकलेला लॉइड हे मूकपटातले बहुधा सर्वांत ओळखीचे दृश्य असेल. हे सारे करताना त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी नव्हती. 1919 मध्ये छायाचित्र काढताना खोटा म्हणून हातात दिलेला बॉम्ब खरा निघाला होता. वर चढत राहा, पोचशील, हा त्याच्या चित्रपटांचा विश्वास होता. 1929 नंतर वरच्या मजल्यांवरचीच माणसे खाली आली तेव्हा तो विश्वास टिकवणे अवघड झाले. लॉइडचे बोलपट निघत राहिले, पण प्रेक्षक आटला.

29 ऑक्टोबर 1929 च्या कोसळणीनंतर बेकारी वाढत गेली आणि 1933 मध्ये अमेरिकेतल्या दर चार काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ एकजण घरी बसलेला होता. हजारो बँका बुडाल्या. चित्रपटाच्या धंद्याला आधी वाटले की आपण यातून वाचू, कारण बोलपटाचे नावीन्य ताजे होते. पण 1931 पासून प्रेक्षक घटले, अनेक चित्रगृहांना कुलूप लागले आणि 1933 मध्ये पॅरामाउंटसारखी कंपनी दिवाळखोरीत गेली. चित्रगृहचालकांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवले, बशा आणि कपांचे संच वाटले, सोडती काढल्या. याच सुमारास बोलपटाने स्वतःही बेकार निर्माण केले. पडद्यापुढे वाजवणारे हजारो वादक घरी गेले. कीटन 1928 मध्येच एमजीएमच्या पगारावर गेला होता. तिथे त्याचे स्वातंत्र्य संपले आणि 1933 मध्ये कंपनीने त्याला काढून टाकले. मंदीत अमेरिकेला हसवले ते मुख्यतः मार्क्स बंधू, मे वेस्ट, विल रॉजर्स आणि लॉरेल-हार्डी यांच्या बोलपटांनी. यातल्या लॉरेल-हार्डींनी मूकपटातले दारिद्र्य बरोबर आणले. बर्फात वाजवून पैसे मागणारे दोघे, पियानो जिन्यावरून वर चढवणारे दोघे, हे त्याच घराण्यातले.

अशा वेळी चॅप्लिनने मूकपट काढला. ‘सिटी लाइट्स’ची तयारी 1928 मध्ये सुरू झाली होती, चित्रीकरण दोन वर्षांहून अधिक रेंगाळले, आणि ते चालू असतानाच सारा धंदा आवाजाकडे वळला. 30 जानेवारी 1931 ला लॉस एंजेलिसमध्ये पहिला खेळ झाला. त्याला आल्बर्ट आइन्स्टाइन उपस्थित होते. न्यूयॉर्कमध्ये वितरकांनी हात आखडला, तेव्हा चॅप्लिनने जॉर्ज एम. कोहन नाट्यगृह स्वतः भाड्याने घेतले आणि तिकीट अर्धा डॉलर आणि एक डॉलर ठेवले. मंदीच्या दिवसांत हा दर धाडसाचा होता. तरीही गर्दी लोटली.

या चित्रपटाचा पहिलाच प्रसंग पाहणाऱ्याला मंदी आठवल्याशिवाय राहिली नसणार. ‘शांतता आणि समृद्धी’ या स्मारकाचे अनावरण होते. भाषणे होतात, आणि बोलपटाची थट्टा म्हणून वक्त्यांच्या तोंडून नुसता पिपाणीचा आवाज येतो. पडदा सरकतो तर पुतळ्याच्या मांडीवर भणंग गाढ झोपलेला. उतरताना पुतळ्याच्या तलवारीत त्याची विजार अडकते, आणि राष्ट्रगीत सुरू झाल्याने तो तसाच लोंबकळत टोपी काढून उभे राहण्याची धडपड करतो. पुढे एक दारुडा लक्षाधीश येतो. झिंगलेला असला की तो चार्लीला गळ्याशी धरतो, मोटार देतो, मेजवानी देतो. शुद्धीवर आला की ओळखत नाही. 1920 च्या दशकातल्या तेजीचे आणि तिच्या उतरणीचे याहून नेटके चित्र कुठल्या अर्थशास्त्रज्ञाने काढले असेल तर ते तितके हसवणारे नाही. लक्षाधीशाचे पात्र चॅप्लिनने कोसळणीच्या आधीच योजले होते. स्वतः चॅप्लिनने आपले शेअर 1928 मध्ये विकून टाकले होते. मेजर डग्लस यांच्या अर्थविषयक लिखाणावरून बेकारी वाढत आहे हे त्याच्या लक्षात आले, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे.

आंधळ्या फुलवालीचे भाडे आणि डोळ्यांचा खर्च यांसाठी चार्ली रस्ते झाडतो, मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरतो आणि अखेर तुरुंगात जातो. सुटून येतो तेव्हा तो पूर्वीपेक्षा फाटका आहे आणि मुलीला दिसू लागले आहे. तिने ज्याला श्रीमंत समजले तो हा, हे तिला त्याच्या हाताच्या स्पर्शाने कळते. चित्रपट तिथेच थांबतो. ती त्याला स्वीकारते की नाही, हे चॅप्लिनने मोकळे ठेवले. त्या काळच्या बोलपटांनी लग्नाची घंटा वाजवली असती.

अमेरिकेत जुने मूकपट या काळात पूर्ण अदृश्य झाले नव्हते. 1917 पर्यंत चॅप्लिनने म्युच्युअल कंपनीसाठी केलेले बारा छोटे विनोदपट व्हॅन ब्यूरेन या संस्थेने विकत घेतले, त्यांना संगीत आणि आवाज जोडले आणि 1932 नंतर पुन्हा चित्रगृहांत लावले. ‘द इमिग्रंट’ही त्यात होता. 16 मिलिमीटरचे घरगुती प्रक्षेपक आणि त्यांवर दाखवायला भाड्याने मिळणारे छोटे विनोदपट यांमुळे शाळा, चर्च, संस्था यांतही ते पोचत राहिले. महामंदीत मूक विनोदपटाने धीर दिला असे म्हणताना ‘सिटी लाइट्स’ इतकेच या दुसऱ्या फेरीलाही श्रेय द्यावे लागते. 1917 मध्ये ते स्थलांतरितांचे चित्रपट होते; आता रोजगार कचेरीच्या रांगेत स्थलांतरितांच्या पिढीबरोबर कारकून, हिशेबनीस आणि फेरीवाले विक्रेतेही उभे होते.

‘सिटी लाइट्स’च्या निमित्ताने चॅप्लिन 1931-32 मध्ये जगाच्या सफरीवर निघाला आणि जाईल तिथे बेकारी पाहत, पुढाऱ्यांशी तिच्यावर बोलत राहिला. गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी लंडनला आले होते. 22 सप्टेंबर 1931 रोजी पूर्व लंडनमधल्या कॅनिंग टाउन या कामगारवस्तीत एका भारतीय डॉक्टरांच्या घरी दोघे भेटले. गांधीजींनी त्याचा एकही चित्रपट पाहिलेला नव्हता. भारताच्या स्वातंत्र्याला आपला पाठिंबा आहे, पण यंत्रांना विरोध का, असे चॅप्लिनने विचारले. यंत्राने माणसाचे कष्ट कमी झाले तर त्यात वाईट काय, हा त्याचा मुद्दा. यंत्रांमुळेच भारत इंग्लंडवर अवलंबून झाला आणि ते अवलंबित्व सुटल्याशिवाय स्वातंत्र्य नाही, असा गांधीजींच्या उत्तराचा रोख होता. त्यानंतर चारच दिवसांत गांधीजी लँकेशायरच्या गिरणी कामगारांना भेटायला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने ज्यांचे काम गेले होते, त्या कामगारांनी त्यांचे स्वागत केले. या भेटीमुळेच चॅप्लिनला पुढचा चित्रपट ‘मॉडर्न टाइम्स’ सुचला असे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे, पण यंत्र आणि बेकारी यांचा प्रश्न चॅप्लिनच्या डोक्यात तेव्हा पक्का बसलेला होता.

मूक विनोदपट मंदीच्या काळात खरोखर जिवंत राहिला तो जपानमध्ये. तिथे पडद्याशेजारी उभा राहून कथा सांगणारा ‘बेन्शी’ प्रेक्षकांचा इतका लाडका होता की बोलपटाला जम बसवायला 1930 च्या दशकाचा मध्य उजाडला. हॅरॉल्ड लॉइडही तिथे इतका लोकप्रिय होता की गोल चष्म्याला त्याचेच नाव पडले. 1927 मध्येच जपानी बँका कोसळल्या होत्या, त्यामुळे बेकारी तिथे अमेरिकेच्या आधी पोचली. यासुजिरो ओझू या तरुण दिग्दर्शकाने 1929 मध्ये पदवी घेऊनही नोकरी न मिळणाऱ्या तरुणावर विनोदपट काढला. त्याचे शीर्षक, ‘पदवी तर घेतली, पण...’, तेव्हाच्या जपानमध्ये लोकांच्या तोंडी बसले. हा चित्रपट आज तुकड्यांतच उरला आहे.

ओझूचा ‘टोकियो कोरस’ (1931) मात्र पूर्ण आहे आणि या विषयावरचा चॅप्लिनेतर सर्वोत्तम चित्रपट म्हणावा असा आहे. विमा कंपनीत बोनसचा दिवस. कारकून पाकिटातले पैसे मोजायला एकामागून एक संडासात जातात. एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने विमा उतरवलेले गिऱ्हाईक लगेच वारल्याने त्याला काढून टाकतात. नायक साहेबाशी भांडतो, दोघे हातपंख्यांनी एकमेकांना टोचतात, आणि त्याचीही नोकरी जाते. मुलाला सायकल हवी असते, बाप स्वस्तातले दुसरे खेळणे घेऊन घरी येतो. पुढे शाळेतले जुने मास्तर भेटतात. त्यांनी भात-करीची खाणावळ काढली आहे. नायक त्यांच्यासाठी जाहिरातीचा झेंडा घेऊन रस्त्यावर फिरतो, आणि ट्राममधून जाणारी बायको ते पाहते. तिला लाज वाटते, मग तीही खाणावळीत मदतीला उभी राहते. अखेरीस त्याला लांबच्या गावी शाळेत नोकरी मिळते. जुने वर्गमित्र एकत्र बसून गातात, आणि त्या गाण्यात आनंद किती, टोकियो सुटल्याचे दुःख किती, हे ओझू मोजून देत नाही. भणंगाला लाज वाटत नाही, कारकुनाला वाटते. मध्यमवर्गाचे दारिद्र्य त्यामुळे वेगळे होते, आणि ते पडद्यावर आणले जपानी मूकपटाने. पुढच्या वर्षी आलेल्या ‘जन्माला तर आलो, पण...’मध्ये दोन शाळकरी मुलांना साहेबाच्या घरी दाखवलेल्या चित्रफितीत आपला बाप साहेबाला हसवण्यासाठी वेडेवाकडे तोंड करताना दिसतो. मुले जेवण सोडतात. दुसऱ्या दिवशी भूक लागते म्हणून जेवतात.

5 फेब्रुवारी 1936 ला न्यूयॉर्कमध्ये ‘मॉडर्न टाइम्स’ लागला. फोर्डने 1913 मध्ये सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडणे सुरू केले होते. डेट्रॉइटच्या अशा कारखान्यांत शेतावरची धडधाकट मुले चार-पाच वर्षांत मनाने खचतात, हे एका तरुण बातमीदाराने सांगितल्याचे चॅप्लिनने नमूद केले आहे. चित्रपटात चार्ली पट्ट्यावर दोन हातांनी बोल्ट आवळतो, आणि पट्टा थांबला तरी हात थांबत नाहीत. जेवणाची सुट्टी वाचवणारे यंत्र त्याच्यावर चालवून पाहतात आणि ते बिघडून कणीस त्याच्या तोंडावर घासत राहते. पुढे तो कामावरून जातो, रस्त्यावर ट्रकमधून पडलेले लाल फडके उचलून मालकाला हाका मारत धावतो, आणि मागून मोर्चा येतो म्हणून पुढारी समजून पकडला जातो. तुरुंगात जेवण आणि छप्पर असल्यामुळे सुटका झाल्यावर तो पुन्हा आत जाण्याच्या युक्त्या करतो. मोठ्या दुकानात रात्रपाळीचा पहारेकरी झाल्यावर जे चोर येतात ते त्याच्याच कारखान्यातले बेकार असतात, आणि त्यांनी भूक लागल्याचे सांगितल्यावर तो त्यांच्याबरोबर बसतो. चित्रपटात माणसांचा आवाज जवळजवळ नाही. बोलतात ती यंत्रे: मालकाचा पडदा, ग्रामोफोन, रेडिओ. शेवटी भणंग पहिल्यांदाच तोंड उघडतो आणि अर्थ नसलेल्या शब्दांचे गाणे म्हणतो.

पॉलेट गोडार्डने केलेली अनाथ मुलगी जोडीला असल्याने या चित्रपटातली आशा बदलली आहे. आधीच्या चित्रपटांत भणंग अनेकदा एकटा निघून जाई. इथे दोघे रस्त्याच्या कडेला बसतात, ती खचते, तो तिला उठवतो आणि दोघे चालू लागतात. आधी ठरलेल्या शेवटात मुलगी मठात जाऊन जोगीण होणार होती, तो टाकून दिला गेला. जर्मनी आणि इटलीत चित्रपटावर बंदी आली. अमेरिकेत तो ‘सिटी लाइट्स’इतका चालला नाही, आणि काही समीक्षकांना तो साम्यवादी प्रचार वाटला. मजुरांचा मोर्चा, संप आणि गोळीबार दाखवूनही चित्रपट कोणत्याच पक्षाची बाजू घेत नाही, हे त्यांना दिसले नाही. भणंग त्यानंतर पुन्हा पडद्यावर आला नाही. 1940 च्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मधला न्हावी त्याच्यासारखा दिसतो, पण बोलतो.

विनोद गरिबाला हवा असतो का, हा प्रश्न मग खुद्द चित्रपटांचाच विषय झाला. प्रेस्टन स्टर्जेस यांच्या 1941 च्या ‘सलिव्हन्स ट्रॅव्हल्स’मध्ये गरिबीवर गंभीर चित्रपट काढायला निघालेला दिग्दर्शक सक्तमजुरीच्या कैद्यांमध्ये अडकतो आणि त्यांना पडद्यावर हसताना पाहतो. त्या जागी चॅप्लिनचा चित्रपट दाखवायचा होता. परवानगी मिळाली नाही, म्हणून डिस्नेचे प्लूटो कुत्र्याचे व्यंगचित्र घातले गेले. भारतात राज कपूर यांनी ‘आवारा’ (1951) आणि ‘श्री 420’ (1955) या चित्रपटांत भणंगाची चाल आणि विजार घेतली. ‘श्री 420’चा नायक बी.ए. झालेला बेकार आहे. अलाहाबादहून मुंबईला येतो, प्रामाणिकपणाबद्दल मिळालेले पदक गहाण टाकतो आणि फुटपाथवर राहतो. त्याला आसरा देणारी केळेवाली गंगामाई केली आहे येवल्याच्या ललिता पवार यांनी, ज्यांची कारकीर्द मूकपटांपासून सुरू झाली होती. ओझूचा पदवीधर आणि चॅप्लिनचा भणंग या चित्रपटात एकाच माणसात येतात. फरक शेवटात आहे. शंभर रुपयांत घर देण्याच्या खोट्या योजनेचे बिंग फोडून नायक फुटपाथवरच्या लोकांना, एकजुटीने पुढे आलात तर घरे बांधून घेता येतील, असे सांगतो.